गुरुवारचा वर्ग आणि झाकलेल्या तीन ओळी

स्फाक्स शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेजीब सुईसीला सगळे डॉक्टर म्हणत, पण आजारी पडलं की त्याच्याकडे कोणी जात नसे. तो प्रतिबंधक वैद्यक विभागात होता. लसी, विहिरींचं पाणी, साथींचे तक्ते, असा त्याचा कारभार. वडील केरकेना बेटावरचे कोळी. फेरीबोटीत ते शेजारच्याला सांगत, हा माझा मुलगा, डॉक्टर आहे, आणि तो शेजारी लगेच नेजीबपुढे मनगट करी. मग नेजीबला त्याला समजवावं लागे की नाडी बघणारे डॉक्टर वेगळे. वडील तेवढा वेळ समुद्राकडे बघत बसत.

याला कारण एक परीक्षा. विशेषज्ञ होण्याच्या त्या परीक्षेत त्याचा वर्गमित्र हाफेद एल्लूश चौथा आला आणि त्याने शस्त्रक्रिया घेतली. नेजीब एकसष्टावा आला आणि जे उरलं होतं ते त्याने घेतलं. पुढे कित्येक वर्षं दोघं इस्पितळाच्या खानावळीत एका टेबलावर जेवत आणि नेजीबची नजर हाफेदच्या हातांवर जाई. हाफेद माशाचा काटा असा अलगद काढी की मासा जसाच्या तसा राही. नेजीबला मग स्वतःच्या ताटातला मासा गोड लागत नसे.

हेवा हा त्याचा जुना आजार. त्याने कुणाचं वाईट केलं नव्हतं, कुणाविरुद्ध अर्ज लिहिला नव्हता. जळजळ व्हायची ती पोटातल्या पोटात, आणि तो ती पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकी. बायको झकियाला तेवढं ठाऊक होतं. ती म्हणे, "आज कुणाचं चांगलं झालं? चेहरा पडलाय तुमचा."

या माणसाला आयुष्यात एक गोष्ट स्वतःची अशी मिळाली, ती म्हणजे गुरुवारचा वर्ग.

तो सुरू झाला सत्त्याऐंशी साली. त्या काळी शहरातले मोठमोठे विशेषज्ञ पॅरिसहून आलेलं कुठलंही मासिक उघडत, वर प्राध्यापकाचं नाव वाचत आणि खाली जे लिहिलं असेल ते सोमवारपासून रुग्णांना देऊ लागत. नेजीबने एकदा असाच एका नामांकित प्राध्यापकाचा पेपर घेतला. लेखकांची नावं, शहर, इस्पितळ, मासिकाचं नाव, सगळ्यांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, मग त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि हृदयविभागातल्या बारा जणांना वाटल्या. बारा जणांनी तासाभरात त्या पेपरच्या चिंध्या केल्या. शेवटी नेजीबने पट्ट्या सोलून मूळ प्रत टेबलावर ठेवली. हृदयविभागाचा राऊफ कम्मून, तेव्हा तरुण होता, तो नाव वाचून म्हणाला, "या माणसाचं बोलणं मी मागच्या वर्षी तीन तास उभं राहून ऐकलंय."

तेव्हापासून दर गुरुवारी, दुपारच्या जेवणानंतर, ग्रंथालयाशेजारच्या लांबट खोलीत हा वर्ग भरू लागला. शिकवायची रीत ठरलेली होती. घरून कात्रीने कापून आणलेल्या पट्ट्या, झाकलेली नावं, आणि तीन प्रश्न. आत किती जण आले? शेवटी किती जण मोजले? मधले कुठे गेले? स्वतःच्या विषयात हातखंडा असलेले शल्यविशारद आणि मूत्रपिंडवाले शाळकरी पोरांसारखे तक्त्यावर बोट ठेवून बेरजा करत. कुणी फार भारावून बोलू लागलं की नेजीब हळूच विचारी, "आणि मधले कुठे गेले?" पुढे पुढे वाचायचे पेपर इंग्रजीत येऊ लागले. इंग्रजी त्याला शाळेत आलं नव्हतं. चाळिशीत शब्दकोश मांडीवर घेऊन तो ते शिकला. बोलता मात्र कधी आलं नाही.

या वर्गात कुणी हसत नसे. नेजीबला वाटे, हे गंभीर काम आहे, हसायचं काय त्यात.

इब्तिसाम फुराती याच वर्गात घडली. ती बालरोगाची शिकाऊ डॉक्टर असताना पहिल्यांदा आली आणि मागच्या बाकावर बसून तिने एका तक्त्यातले नऊ रुग्ण गायब असल्याचं सगळ्यांच्या आधी पकडलं. नेजीबला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी त्याने घरी दोनदा ती गोष्ट सांगितली. पुढे कॅनडात याच विषयाचं शिक्षण मिळायची संधी आली तेव्हा शिफारसपत्र त्यानेच लिहिलं. त्याचं फ्रेंच पत्र झकियाच्या भाच्याने इंग्रजीत केलं. इब्तिसाम गेली आणि चार वर्षांनी परत आली.

परत आल्यावर तिने मंगळवारी आपला वेगळा वर्ग काढला. विचारून काढला. नेजीबच्या खोलीत येऊन म्हणाली, "सी नेजीब, तुमची हरकत नसेल तर बालरोगाच्या लोकांसाठी थोडं घेईन म्हणते." सी म्हणजे थोरामोठ्यांच्या नावाआधी लावतात ते. तो म्हणाला, घे की पोरी, हरकत कसली.

मंगळवारी ती खुर्च्या गोल मांडी. पेपर आधी काढतच नसे. आधी म्हणे, सहा नंबरच्या खाटेवर मुलगा आहे, तीन दिवसांचा ताप, आई विचारतेय औषध कधी देणार. सांगा, काय द्याल? लोक भांडत. मग ती पेपर काढी आणि म्हणे, चला, बघू या पेपर कुणाच्या बाजूने आहे. नेजीबची खोली तिच्या वर्गाला लागून होती. भिंतीतून हसण्याचा आवाज येई. पहिल्या महिन्यात बालरोगाचे आठ जण होते. दुसऱ्या महिन्यात राऊफ कम्मून जाऊ लागला. तिसऱ्या महिन्यात हाडांचे डॉक्टर गेले, ज्यांनी परीक्षेनंतर काही वाचल्याचा नेजीबच्या माहितीत पुरावा नव्हता. गुरुवारी सतरा यायचे ते सहावर आले. त्या सहांत इब्तिसाम एक. ती खिडकीशी बसून पहिल्यासारखीच टिपणं घेई. ती आली नसती तर बरं, असं त्याला वाटे आणि एका गुरुवारी ती आली नाही तर दिवसभर त्याच्या जिवाला चैन पडलं नाही.

"मग तुम्हीही खुर्च्या गोल मांडा," झकिया म्हणाली.

"म्हणजे लोक म्हणतील तिचं बघून मांडल्या."

"लोकांना खुर्च्या मोजायला वेळ नसतो हो."

"माझ्या लोकांना असतो," तो म्हणाला.

अशात वसंतात एक बातमी आली. ऑक्टोबरपासून वैद्यक विद्यालयात दक्षिणेकडच्या सगळ्या विशेषज्ञांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम निघणार होता. विषय हाच, संशोधन पारखून वाचणं. प्रमुख एकच असणार. डीनकडे दोन नावं गेली होती आणि निवड सोपवली होती हाफेद एल्लूशवर, कारण शहरात त्याच्या शब्दाला मान होता. हाफेद दोघांच्या एकेका वर्गाला बसणार आणि मग सांगणार. इब्तिसामच्या मंगळवारी तो जाऊन आला. बाहेर पडताना त्याने नेजीबच्या दारात डोकं घातलं आणि डोळे पुसत म्हणाला, "अरे, ही पोरगी भारी आहे. पोट दुखलं हसून."

नेजीबला निवृत्तीला पाच वर्षं होती. बावीस वर्षं जे त्याने एकट्याने उभं केलं त्याला पहिल्यांदाच पाटी लागणार होती, आणि पाटीवर नाव दुसऱ्याचं येणार होतं. ते नाव तिचं असण्यापेक्षा एखाद्या परक्याचं आलं असतं तर त्याला सोसलं असतं.

त्याच्या खणात महिनाभरापासून एक पेपर पडून होता. इब्तिसामने स्वतः आणून दिलेला, तिचा कॅनडातला पहिला पेपर. हृदय दुबळं झालेल्या रुग्णांना परिचारिकेने दर आठवड्याला घरी फोन केला तर काही फरक पडतो का, असा विषय. वर शाईने लिहिलं होतं, "सी नेजीब यांना, ज्यांनी मला मधल्या माणसांची चौकशी करायला शिकवलं." तेवढं वाचून त्याने तो खणात टाकला होता. आता त्याने तो बाहेर काढला आणि शुक्रवारी दुपारी घरच्या टेबलावर, जेवणाची ताटं उचलल्यावर, वाचायला घेतला. तो चुका शोधायला बसला होता. स्वतःशी त्याने ते कबूल केलं नाही, पण पेन्सिलीला टोक करतानाच त्याचे हात घाईत होते.

पेपर चांगला होता. दोनशे बारा रुग्ण. ज्यांना फोन गेले त्यांतले चौदा वारले, ज्यांना गेले नाहीत त्यांतले सव्वीस. फरक बाराचा. आणि शेवटच्या तपासणीला एकतीस जण आले नव्हते. नेजीब खुर्चीत पुढे सरकला. एकतीस! बाराच्या फरकावर गमजा मारायच्या आणि एकतीस माणसं हवेत! त्या एकतिसांतले फोन गेलेले बरेचसे जर वारले असतील तर अख्खा निकाल उलटा होईल.

मग त्याची नजर तक्त्याखालच्या बारीक टिपेवर गेली. तीन ओळी होत्या. हे एकतीस जण दुसऱ्या दोन शहरांत राहायला गेले, तिथल्या डॉक्टरांकडून त्यांची खबर घेतली, सगळे जिवंत आहेत आणि सगळे आपापल्या मूळ गटात मोजले आहेत. म्हणजे एकही माणूस हरवला नव्हता. पोरीने तीनही प्रश्नांची उत्तरं देऊन ठेवली होती.

तरी गुरुवारी हाफेदसमोर हाच पेपर ठेवायचा असं ठरवून त्याने वरची नावं आणि शाईची ओळ झाकली. तक्त्याखालच्या ओळींत दोन शहरांची नावं होती आणि नियमाप्रमाणे गावांची नावं झाकायची असतात. बोटाच्या नखाएवढ्या दोन पट्ट्या पुरल्या असत्या. नेजीबने कात्री उचलली, एक लांब पट्टी कापली आणि तिन्ही ओळींवर एकदम चिकटवली.

झकिया चहा घेऊन आली. "आज फारच मन लावून चाललंय," ती म्हणाली. त्याने पेपर उलटा करून ठेवला.

गुरुवारी खोली भरली. हाफेद येणार हे कळल्यावर राऊफ आला, हाडांवाले आले, मूत्रपिंडवाले आले. वीसेक जण होते. इब्तिसाम खिडकीशी बसली होती. झेरॉक्स हातात आल्यावर तिने पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, तक्त्यावर थांबली. मग पान उलटून पुन्हा मागे आली. नेजीबने तिच्याकडे पाहिलं नाही, पण तिची पानं त्याला ऐकू येत होती.

त्याने तीन प्रश्न विचारले आणि पुढचं काम बाकीच्यांनी केलं. मूत्रपिंडवाल्याने एकतीस शोधून काढले. हाडांवाल्याने विचारलं की अशी माणसं गाळून मोजायची परवानगी असते का. राऊफ कम्मून रंगात आला.

"म्हणजे असं," तो म्हणाला, "मी सहलीला दोनशे पोरं नेली, संध्याकाळी जेवढी बसमध्ये बसली तेवढीच मोजली आणि आईबापांना सांगितलं, सगळी सुखरूप."

"आणि वर त्याचा पेपर छापला," कुणीतरी जोडलं.

"या लेखकाला दुकान काढून द्यावं. गिऱ्हाईक मोजायचं काम तरी नीट शिकेल."

इब्तिसामची मान लाल झाली होती. ती काही बोलली नाही. नियमच तसा होता, पेपर आपला असला तरी नाव उघड होईपर्यंत गप्प राहायचं, आणि तो नियम ती याच खोलीत शिकली होती. नेजीबच्या छातीत काहीतरी ऊबदार पसरत होतं. बऱ्याच दिवसांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. ते बरं वाटणं ओळखून त्याला मध्येच थोडी भीतीही वाटली, पण त्याने ती बाजूला सारली.

हाफेद तासभर नुसता ऐकत होता. चष्मा कपाळावर चढवून तो कागद डोळ्यांजवळ धरून बसला होता. आता तो म्हणाला, "नेजीब, या तक्त्याखाली पांढरं का आहे?"

"गावाचं नाव होतं. आपण झाकतो."

"तीन ओळींचं गाव?"

खोली हसली. बावीस वर्षांत गुरुवारी पहिल्यांदा हसली.

"वाच की," हाफेद म्हणाला. "मूळ प्रत आहे ना तुझ्याकडे? गाव गाळून वाच."

मूळ प्रत समोरच होती. नेजीबने पट्टीचं टोक नखाने उचललं. खळ चांगली लागली होती, कागद थोडा सोलला गेला. त्याने त्या तीन ओळी वाचल्या. आधी इंग्रजीत, अडखळत, मग फ्रेंचमध्ये. शेवटच्या शब्दापर्यंत वाचल्या. राऊफने हातातली पेन्सिल खाली ठेवली. कुणी कुणाकडे बघेना. सगळ्यांना बेरीज येत होती, त्यानेच शिकवली होती.

तेवढ्यात खिडकीकडून इब्तिसाम बोलली. आवाज अगदी साधा.

"सी नेजीबनी मला पण एकदा असंच फसवलं होतं. जे छापलंय ते आपण सगळे वाचतो. जे दिसत नाही ते मागून घ्यायचं असतं. तासभर आपल्यापैकी कुणी मागितलं नाही. डॉक्टर एल्लूशनी मागितलं."

असं तिला त्याने कधीही फसवलं नव्हतं.

राऊफ मोठ्याने म्हणाला, "वा! म्हणजे दुकान मलाच काढायला पाहिजे." सगळे पुन्हा हसले, पण आता वेगळं, मोकळं. कुणीतरी टाळी वाजवली. हाफेद चष्मा नाकावर उतरवून नेजीबकडे बघत होता. "हे मी विसरणार नाही," तो म्हणाला. "बावीस वर्षांत तू बदमाश झालास की." नावावरची पट्टी काढून मूळ प्रत हातोहात फिरली आणि नाव सगळ्यांना कळलं, तेव्हा तर टाळ्यांना ऊत आला. गुरूने शिष्येचाच पेपर पणाला लावला आणि शिष्येने हूं की चूं केलं नाही, यापेक्षा चांगला धडा कोणता!

नेजीब हसला. काय करावं सुचलं नाही म्हणून हसला.

लोक गेल्यावर ती आपले कागद पिशवीत भरत होती. तो दाराशी उभा राहिला. त्याला माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"तू खोटं का बोललीस?"

"मग काय करायला हवं होतं?"

"खरं सांगायचं. मी मुद्दाम झाकलं. मत्सराने."

"ते मला पट्टीची लांबी बघितली तेव्हाच कळलं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि रागही होता त्यात. "तुम्ही दोन छोट्या पट्ट्या लावायला मला तासभर बसवून शिकवलंय, सी नेजीब. एक शब्द जास्त झाकला तर परत करायला लावायचात."

"तरी पण."

"त्या लोकांनी आज तुम्हाला खोटं ठरवलं असतं तर उद्यापासून तुम्ही शिकवलेलं सगळंच खोटं ठरवलं असतं. मग मी काय शिकवू त्यांना? माझ्याकडे दुसरं काय आहे?"

ती गेली. जाताना तिने दरवाजा आपटला नाही, रोजच्यासारखा लोटून घेतला. नेजीब रिकाम्या खोलीत खुर्चीवर बसून राहिला. त्याला लाज वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, पण लाजेच्या खाली तीच जुनी जळजळ होती. इंग्रजी तिचं चांगलं, शिकवणं चांगलं, आणि आता माणूस म्हणूनही ती चांगली निघाली. एवढं सगळं एकीच्याच वाट्याला यायचं काय कारण होतं? तिने चारचौघांत त्याचा पाणउतारा केला असता तर त्याला निदान तिचा राग तरी धरता आला असता.

सोमवारी हाफेदचा निरोप आला. अभ्यासक्रमाचा प्रमुख नेजीब. डीनने होकार दिला होता. झकियाने बदामाचे लाडू केले, बहिणीला फोन केला. तो एक लाडू घेऊन गच्चीत गेला आणि तसाच परत आला.

"आज तर तुमचंच चांगलं झालंय," ती म्हणाली. "तरी चेहरा तसाच?"

तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. पट्टी, तीन ओळी, टाळ्या. ती ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिने लाडवांवर ताट झाकलं आणि म्हणाली, "ही जागा तुम्ही घेतलीत तर रोज सकाळी तिचं तोंड बघून आत जावं लागेल."

तेच तर त्याला नको होतं. त्याने डीनला पत्र लिहायला घेतलं. पहिल्यांदा तब्येतीचं कारण लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्यांदा वयाचं लिहिलं, तेही फाडलं. तिसऱ्या पत्रात त्याने पट्टीची हकिकत जशीच्या तशी लिहिली, एकतीस माणसांसकट, आणि खाली एक ओळ लिहिली की डॉक्टर इब्तिसाम फुराती माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात, सबब जागा त्यांना द्यावी. ती एक ओळ लिहायला त्याला बाकी सगळ्या पत्रापेक्षा जास्त वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी डीनचा फोन आला. डीन बिचारा गोंधळला होता. तो म्हणाला, पट्टीचं प्रकरण मी फायलीत ठेवत नाही, त्याने कुणाचं भलं होणार नाही, आपल्या दोघांत राहू दे. जागा इब्तिसामला देऊ, तिच्याशी बोलणं झालंय, हाफेदला मी समजावतो. फक्त ती शेवटची ओळ आहे, तिची काही गरज नाही. जागा नाकारायला एवढं कारण लागत नाही. खोडू का?

"नका खोडू," नेजीब म्हणाला. "तेवढी राहू द्या. तोंडाने मला ते म्हणता येणार नाही."

डीनने मग विचारलं की तिच्या हाताखाली आठवड्याला एक वर्ग घ्याल का, तिनेच विचारायला सांगितलंय. नेजीब म्हणाला, विचार करून सांगतो. विचार करायला त्याला अख्खा उन्हाळा लागला. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याने होकार कळवला. अट एकच घातली, आपण शिकवत असताना तिने वर्गात बसायचं नाही.